घर क्रमांक सत्तेचाळीस, चूल दोन

पाच वर्षांपूर्वी, मार्च महिन्यातल्या दुसऱ्या मंगळवारी दुपारी सव्वाचार वाजता, शेगावच्या स्टेशन रोडवरच्या एका कार्यालयात संगणकावर चार ओळींची आज्ञा चालवण्यात आली. तिने संग्रामपूर तालुक्यातल्या एका गावाच्या फाइलमधून एकशे सत्त्याऐंशी कुटुंबं काढून टाकली. त्यांपैकी एकशे शहाऐंशी कुटुंबं अस्तित्वात नव्हती. एक होतं. आज्ञा मी लिहिली होती आणि मीच चालवली होती.

गावाचं नाव इथे देत नाही. ते एका प्रकल्पाच्या बुडितात गेलं आणि त्याच नावाचं नवं गावठाण काही किलोमीटरवर उभं राहिलं. ज्या खाजगी कंपनीत मी काम करत होतो तिचंही नाव देत नाही. माणसांची नावं बदलली आहेत. बाकी जे लिहितो आहे त्यातलं बरंचसं कागदावर आहे. जे कागदावर नाही ते मी स्वतः ऐकलेलं आहे.

काम असं होतं. बुडणाऱ्या गावातल्या प्रत्येक कुटुंबाला नव्या गावठाणात एक भूखंड मिळणार होता. कुटुंब म्हणजे काय, हे चुलीवरून ठरायचं. एका छपराखाली दोन भाऊ वेगळं शिजवत असतील तर दोन चुली, दोन कुटुंबं, दोन भूखंड. घरात गॅस आला तरी शब्द चूल हाच राहिला. गावोगावच्या शिक्षकांनी घरोघर जाऊन छापील अर्ज भरले. अर्जांचे गठ्ठे आमच्याकडे आले. आमच्याकडे बारा मुली-बाया ते संगणकावर टंकत होत्या. टंकलेलं सगळं एका ठरावीक साच्यात बसतं की नाही हे बघणं माझं काम होतं.

त्या साच्याबद्दल सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. माहिती साठवण्याची एक्सएमएल नावाची पद्धत आहे. डब्यात डबा ठेवावा तशी ती असते. गावाच्या डब्यात घरांचे डबे, घराच्या डब्यात चुलींचे, चुलीच्या डब्यात माणसांचे. प्रत्येक डब्यावर आत काय आहे ते लिहिलेलं असतं आणि प्रत्येक डबा बंद केल्याची खूण असते. कोणत्या डब्यात काय चालेल, किती चालेल, काय सक्तीचं आणि काय ऐच्छिक, हे नियम वेगळ्या फाइलमध्ये लिहितात. तिला स्कीमा म्हणतात. संगणक दोन्ही फाइली ताडून बघतो आणि उत्तर देतो: वैध किंवा अवैध. तिसरं उत्तर नसतं.

या गावाचा स्कीमा मी लिहिला होता. घरात किमान एक चूल हवी. दुसरी, तिसरी ऐच्छिक. प्रत्येक चुलीला नेमका एक कुटुंबप्रमुख. प्रमुखाचं नाव, वय, पतीचं किंवा वडिलांचं नाव. खाली सदस्य, प्रत्येकाचं प्रमुखाशी नातं. प्रत्येक चुलीला क्रमांक: सत्तेचाळीसाव्या घरातली दुसरी चूल म्हणजे सत्तेचाळीस भागिले दोन. एक क्रमांक दोनदा येता कामा नये.

हे मी कॉलेजात शिकलो नव्हतो. त्याआधी सतरा वर्षं मी एका जिल्हा दैनिकात उपसंपादक होतो. शेवटच्या काही वर्षांत मुख्य कार्यालयाने नवी यंत्रणा आणली. वार्ताहरांच्या बातम्या याच पद्धतीने यायला लागल्या. गाव सक्तीचं, तारीख सक्तीची, आणि कुणाच्या तरी डोक्यातून निघालं म्हणून फोटोही सक्तीचा. यंत्रणा शिकायला कुणी तयार नव्हतं, म्हणून मी शिकलो.

पहिल्याच महिन्यात दुसरबीडच्या वार्ताहराने एका निधनवार्तेला बसथांब्याचा फोटो जोडून पाठवला. मी फोन केला.

"साहेब, फोटोबिगर बातमी जातच नाही," तो म्हणाला. "म्हणून थांब्याचा एक काढून ठेवलाय. सगळ्यायला तोच लावतो."

"माणूस गेलाय हो."

"त्याचा फोटो घरच्यायनं दिला नाही. थांबा कुठं नाही म्हणतो?"

माझा फोन ठेवून होईपर्यंत पान छपाईला गेलं होतं. दुसऱ्या दिवशी गेलेल्या गृहस्थांचं नाव, वय आणि मागे राहिलेला परिवार छापून आला. वर एसटीची वाट बघणारी दोन माणसं होती. यंत्रणेच्या दृष्टीने बातमी वैध होती.

यातून मी एक धडा घेतला. रकाना सक्तीचा केला की लोक तो भरतात, पण खरा भरतीलच असं नाही. पुढे जिल्ह्यातलं आमचं संपादनाचं टेबल बंद झालं आणि मी शेगावच्या कंपनीत आलो. तिथे स्कीमे लिहिताना जिथे शक्य असेल तिथे रकाना ऐच्छिक ठेवत गेलो. दुसरी चूल ऐच्छिक ठेवली ती याच धड्यामुळे. ऐच्छिक गोष्ट नाहीशी झाली तर संगणक तक्रार करत नाही, हे तेव्हा माहीत होतं. त्याचा विचार केला नव्हता.

गावातले अर्ज डाबेराव गुरुजींनी भरले होते. तीस वर्षं शिक्षक, निवृत्तीला दोन वर्षं उरलेली. त्यांच्याइतकं नेटकं काम त्या प्रकल्पात दुसऱ्या कुणाचं नव्हतं. भूखंडासाठी लोक ऐनवेळी दुसरी चूल मांडतात, हे त्यांना ठाऊक होतं. म्हणून ते चूल बघायच्या आधी तिच्यामागची भिंत बघायचे. शिजतं तिथे भिंत काळी होते. एका घरी दोघा भावांनी अंगणात तीन विटा मांडून ठेवल्या होत्या. तो प्रसंग गुरुजींनी मला नंतर सांगितला.

"म्या म्हनलं, चूल कधीची? मोठा म्हने, बापाच्या टायमाची. म्या वीट उचलली. म्हनलं, बापाच्या टायमाची अन् विटंवर भट्टीचा छाप अजून कोरा? लहाना हासला. म्हने, गुरुजी, बाप बी अजून कोराच हाये, आत बसला हाये, इचारा."

त्या घराची एकच चूल लिहिली गेली.

प्रत्येक खऱ्या चुलीला गुरुजींनी शिक्का मारलेली पोच दिली आणि तिच्यावर क्रमांक लिहिला. त्यांच्या अर्जात खाडाखोड नव्हती आणि एकही रकाना रिकामा नव्हता. अडचण तिथेच होती.

सरकारी कागदात रकाना रिकामा सोडत नाहीत. रिकाम्या जागेत मागाहून कुणी काहीही लिहू शकतं. म्हणून सांगण्यासारखं काही नसेल तर 'निरंक' लिहायचं. शाळेचा मासिक अहवाल असो की तलाठ्याचं विवरणपत्र, ही सवय हाताला लागलेली असते. ती चांगली सवय आहे. तिने अनेक कागद वाचवले आहेत. छापील अर्जावर प्रत्येक घरासाठी दोन चुलींची जागा होती. बहुतेक घरांत चूल एकच होती. गुरुजींनी दुसऱ्या चुलीच्या प्रत्येक रकान्यात स्वच्छ अक्षरात निरंक लिहिलं. नाव निरंक, वडील निरंक, आडनाव निरंक.

आमच्या मुलींना सूचना होती की अर्जावर आहे ते टंकायचं, आपल्या मनाचं घालायचं नाही. ही सूचनाही माझीच. त्यांनी निरंक टंकलं. वयाच्या रकान्यात आकड्याशिवाय काही बसत नव्हतं, तिथे त्यांनी शून्य टाकलं. शून्य वय मी चालू ठेवलं होतं, कारण घरात तान्ही मुलं असतात. तान्हं मूल कुटुंबप्रमुख नसतं, हे मी स्कीम्यात लिहिलं नव्हतं. फाइल तपासली, वैध निघाली, पुनर्वसनाच्या कार्यालयाला गेली.

मंगळवारी दुपारी तीनच्या सुमारास तिथल्या अधिकाऱ्यांचा फोन आला.

"हे निरंक घराणं मूळचं कुठलं?" त्यांनी विचारलं. "गावात घराघरात त्यांचा एक माणूस आहे. जन्मालाही आलेले नाहीत आणि भूखंड मागतायत. आम्हाला शेजारचं गाव पण घ्यावं लागेल."

मी दिलगिरी व्यक्त केली. सुधारलेली फाइल त्यांना सहा वाजेपर्यंत हवी होती.

टंकणाऱ्या मुलींची प्रमुख संगीता खरात होती. ती दुसरबीडची. लग्नानंतर शेगावात आलेली. कामात माझ्यापेक्षा सावध. मी आज्ञा लिहीत होतो तेव्हा ती मागे उभी होती. निरंक कुठे आहे हे प्रत्येक अर्जात सारखं नव्हतं. काही ठिकाणी प्रमुखाच्या नावात, काही ठिकाणी फक्त वडिलांच्या, कुठे सदस्यांच्या रकान्यात. मी नियम सोपा केला: दुसऱ्या चुलीत नावाच्या कोणत्याही रकान्यात निरंक आढळलं, तर ती चूल काढून टाकायची.

"सर, सगळेच निरंक खोटे कशावरून?" संगीता म्हणाली.

"दुसरं काय असणार?"

"ते अर्ज बघितल्यावरच कळंल ना. एकशे सत्त्याऐंशी आहेत. आम्ही बाराजणी आहोत. एकेकीला पंधरा-सोळा येतील. तासाभराचं काम आहे."

"सहा वाजता फाइल जायची आहे."

"आत्ता चार वाजलेत."

मी पहिले वीस अर्ज काढून बघितले. वीसही ठिकाणी दुसरी चूल नव्हती. सत्तेचाळीसावं घर त्या विसात नव्हतं. सव्वाचारला आज्ञा चालवली. डबा काढला की आतले डबे त्याच्याबरोबर जातात. वेगळं काही करावं लागत नाही. उरलेली फाइल तपासली. वैध. साडेचारला मी वैधता प्रमाणपत्रावर सही केली. सहाला दीड तास उरला होता. संगीता आणि मी खाली जाऊन चहा घेतला.

*

त्या स्कीम्यातल्या एका नियमाचा मला अभिमान होता. आधीच्या एका कामात यादी जाहीर झाल्यावर बाहेरच्या लोकांनी खोट्या हरकतींचा ढीग घातला होता. म्हणून इथे मी असं बांधलं की, हरकत नोंदवताना चुलीचा क्रमांक द्यावाच लागेल आणि तो क्रमांक यादीत असायलाच हवा. नसेल तर संगणक हरकत घेणार नाही. कार्यालयाने या नियमाचं कौतुक केलं होतं. कंपनीचे व्यवस्थापक बोराडे यांनी ते पत्र काचेत लावलं होतं.

ज्याचं नाव यादीतून गळलं आहे, नेमक्या त्याच माणसाला या नियमाने हरकत घेता येत नव्हती. हे आमच्यापैकी कुणाच्याही लक्षात आलं नाही. मी तो नियम लिहिला, बोराडेंनी वाचला, कार्यालयाने मंजूर केला.

जूनमध्ये, हरकतींची मुदत संपल्यानंतर आठवड्याने, दोन बाया आमच्या कार्यालयाचा जिना चढून आल्या. एक चाळिशीच्या आतली, एक म्हातारी. थोरलीला दम लागला होता. धाकटीने पिशवीतून प्लास्टिकची पिशवी काढली, तिच्यातून एक गुणपत्रिका बाजूला केली आणि खालची पोच माझ्यासमोर ठेवली.

"जय भीम, साहेब. याद्या तुमीच करता काय?"

"हो. बसा."

"हा शिक्का तुमचाच हाये ना?"

पोचेवर सत्तेचाळीस भागिले दोन असं लिहिलं होतं.

"आमचाच."

"मंग सत्तेचाळीस भागिले एक यादीत हाये. भागिले दोन काऊन नाई?"

त्या सुमन गवई. नवऱ्याने सोडल्यावर मुलीला घेऊन माहेरी आलेल्या. भाऊ प्रल्हाद पुढच्या दोन खोल्यांत, सुमनबाई मागच्या खोलीत. आई अनुसयाबाई लेकाकडे न जेवता लेकीकडे जेवायच्या. घर एक, चुली दोन. सुमनबाई मजुरी करत आणि शिवण घेत.

संगीताने अर्जाची प्रत पडद्यावर आणली. दुसरी चूल. प्रमुख सुमन गवई. सदस्य अनुसया, आई. सदस्य प्रणाली, मुलगी. शेऱ्याच्या रकान्यात गुरुजींच्या अक्षरात दोन वाक्यं: भिंतीवर धूर आहे. चूल जुनी आहे. आणि पतीच्या किंवा वडिलांच्या नावाच्या रकान्यात: निरंक.

गावातल्या बाकी बायका, ज्या स्वतः प्रमुख होत्या, त्या विधवा होत्या. त्यांच्या नवऱ्यांच्या नावामागे 'कै.' होतं. या एकीच्याच रकान्यात नाव नव्हतं.

"इथे नाव का नाही दिलं?" मी विचारलं.

"म्या गुरुजीले सांगतलं, त्याचं नाव मले माह्या घरात नाई पायजे. गुरुजी म्हने, मंग बापाचं टाकू? म्या म्हनलं, बाप मरून गेला, त्याले कायले आता कामाले लावता. माहं लिहा. माहं पुरे हाये."

"तुले म्हनलं होतं म्या," अनुसयाबाई म्हणाल्या. "टाकून दे त्या मेल्याचं नाव. कागदाले का त्याचा वास येते?"

"येते," सुमनबाई म्हणाल्या.

मी काय झालं ते सांगितलं. रकाना, निरंक, आज्ञा. सुमनबाईंनी पोचेवरचा क्रमांक पुन्हा बघितला. मग विचारलं, "म्हंजे मशीननं त्याचं नाव नाई पाह्यलं, म्हनून माहं खोडलं?"

"मशीनने नाही. मी."

"तुमी तर मले ओळखत बी नव्हते."

संगीता पडद्याकडे बघत होती. नंतर ती मला फक्त एवढंच म्हणाली, "सर, माझ्या वाट्याला सोळाच आले असते."

"मंग आता टाका," सुमनबाई म्हणाल्या. "तुमीच काढलं, तुमीच टाका."

फाइल आमच्या हातून गेली होती. बदल करायचा तर तो हरकतीतूनच. हरकती संगणक केंद्रावर भरायच्या होत्या. हरकत घेतली का, असं मी विचारलं.

"घेतली ना. सेंटरवरल्या पोरानं दोन टाकलं तर मशीन घेईना. लाल अक्षरात काय काय ये. तो म्हने, ताई, दोन नंबर हायेच नाई. एकमंदी टाकू का, यादीत नाव तरी येईन. म्या म्हनलं, एक माह्या भावाचा हाये. तो म्हने, भाऊच हाये ना, वैरी थोडी हाये. आखरी दिवस होता. केली सही."

मी ती हरकत काढून बघितली. अर्जदार सुमन गवई. मागणी: चूल क्रमांक सत्तेचाळीस भागिले एकमध्ये तीन नावं वाढवणे. हरकत मान्य झाली होती. प्रल्हादच्या चुलीत आता त्याची बायको, त्याची मुलं, आणि खाली तीन नावं होती. नात्याच्या रकान्यात बहीण, आई, भाची. फाइल वैध होती.

"आता यादीत हाये ना मी?" सुमनबाईंनी विचारलं.

"आहात. पण भावाच्या कुटुंबात. भूखंड कुटुंबाला एक."

"मंग मी तिथी कोन?"

"बहीण."

"ते मी जन्माची हाओ," त्या म्हणाल्या. "त्याले तुमची यादी कायले पायजे?"

मी पत्र लिहून चूक कळवतो, असं सांगितलं. अनुसयाबाईंनी पोच परत मागून घेतली, घडी घातली, गुणपत्रिकेखाली ठेवली. जिन्यावरून उतरताना त्यांचा आवाज येत होता. "साहेब बरा हाये. बस म्हनला." सुमनबाईंचं उत्तर ऐकू आलं नाही.

*

पत्र त्याच दिवशी लिहिलं. चूक कशी झाली, कुणी केली, अर्जाची प्रत, पोचेची प्रत, गुरुजींचा शेरा. दोन पानं. कंपनीचं पत्र व्यवस्थापकाच्या सहीनेच जाऊ शकत होतं. मी ते बोराडेंकडे नेलं.

त्यांनी ते दोनदा वाचलं. "फाइल वैध आहे ना?" ते म्हणाले.

"आहे. चुकीची आहे."

"वैध असल्याचं तुम्हीच सही करून दिलंय. आता तुम्हीच म्हणता चुकीची. कार्यालय म्हणेल, बाकीच्या गावांचं काय? तिथंही तुमची हीच आज्ञा चालली. सगळ्या फाइली उघडा म्हणतील."

"उघडायलाच पाहिजेत."

"सर, तुम्ही पेपरवाले. तुमची चूक झाली की दुसऱ्या दिवशी चौकटीत खुलासा छापता आणि सुटता. इथं तसं नसतं." मग पत्र बाजूला ठेवत, "पाठवतो. ठेवून जा."

वर्तमानपत्रात सतरा वर्षं मी नव्या मुलांना एकच गोष्ट शिकवली होती. एकाने सांगितलेलं खरं धरायचं नाही, दुसरीकडून खात्री करायची. त्या दिवशी मी ठेवून गेलो आणि कुठूनही खात्री केली नाही. बाकीच्या गावांच्या फाइली मात्र मी आणि संगीताने आठवडाभर बसून अर्जांशी ताडल्या. दुसरी सुमन गवई सापडली नाही. त्याने मला बरं वाटलं, हेही नोंदवतो.

चार महिन्यांनी, दिवाळीच्या आधी, दुसऱ्या कामासाठी जावक नोंदवही चाळत होतो. जूनच्या पानांवर ते पत्र नव्हतं. जुलैच्याही नव्हतं. बोराडेंना विचारलं. त्यांनी ड्रॉवर उघडला. पत्र तिथेच होतं, सोबतच्या प्रती टाचलेल्या, सहीची जागा मोकळी.

"पाठवणारच होतो," ते म्हणाले. "काम हस्तांतरित होऊ द्या म्हटलं आधी."

काम सप्टेंबरमध्ये हस्तांतरित झालं होतं.

मी माझ्या नावाने, माझ्या सहीने, तेच पत्र रजिस्टर पोस्टाने कार्यालयाला पाठवलं. उत्तर सात आठवड्यांनी आलं. घर क्रमांक सत्तेचाळीस येथील अर्जदाराची हरकत मान्य करण्यात येऊन मागणीप्रमाणे तीन नावे समाविष्ट करण्यात आली आहेत, सबब प्रकरण निकाली काढण्यात आले आहे, असं त्यात होतं. उत्तरात खोटं काही नव्हतं.

सुमनबाईंनी त्यानंतर दोन अर्ज केले. पहिल्याबरोबर मी माझं लेखी निवेदन जोडलं. दुसऱ्याबरोबर डाबेराव गुरुजींनी जोडलं. ते तोवर निवृत्त झाले होते. कार्यालयात गुरुजींना एका कारकुनाने विचारलं, नाव नव्हतं तर रकाना कोरा का नाही ठेवला. गुरुजींनी हे मला फोनवर सांगितलं.

"म्या त्याले म्हनलं, बाबू, कोरा ठेवला असता तर तूच म्हनला असता, काऊन कोरा ठेवला. तो म्हने, हाव, म्हनलो असतो."

दोन्ही अर्जांना आधीच्याच मजकुराचं उत्तर आलं.

भूखंडांची सोडत गावच्या शाळेच्या पटांगणात झाली. चिठ्ठ्या काढायला पहिलीतल्या मुलीला उभं केलं होतं. मी लांब थांबलो होतो. प्रल्हाद गवईंना एकविसावा भूखंड निघाला. सुमनबाई बायकांत बसल्या होत्या. शेवटची चिठ्ठी निघेपर्यंत त्या उठल्या नाहीत.

त्यानंतर मी दोन वर्षं कंपनीत होतो. स्कीम्यात तीन बदल केले. नावात निरंक आलं की फाइल अवैध. प्रमुखाचं वय अठराच्या खाली आलं की अवैध. आणि हरकतीसाठी यादीतला क्रमांक किंवा पोचेवरचा क्रमांक, दोन्हींपैकी काहीही चालेल. तिसरा बदल लिहायला अकरा मिनिटं लागली. ते बदल आता पुढच्या गावांच्या कामात वापरले जातात. संगीता तिथे माझ्या जागेवर आहे. काढलेली प्रत्येक चूल ती अर्जाशी ताडून बघते आणि वहीत लिहून ठेवते.

*

या भाद्रपदात मी नव्या गावठाणात गेलो. रस्ते आखीव आहेत. शाळा आहे, विहार आहे, मारुतीचं मंदिर आहे, पाण्याची टाकी आहे. भूखंड क्रमांक एकवीसवर प्रल्हादने विटांच्या तीन खोल्या बांधल्या आहेत. त्यांच्यामागे पत्र्याची एक खोली आहे. तिचं दार मागच्या गल्लीत उघडतं.

प्रल्हाद बाहेरच्या बाजेवर बसला होता. त्याने मला ओळखलं.

"म्या तिले कधी जाय म्हनलो नाई, साहेब. अन् म्हननार बी नाई," तो म्हणाला. "पन जागा माह्या एकट्याच्या नावाची. उद्या माहे पोरं मोठे होतीन. ते इचारतीन, आत्या, तू इथी कशी. मी तवा राहीन का नाई, काय माईत."

"बहिणीच्या नावावर अर्धी करून देता येणार नाही?"

"इचारलं म्या. काही वर्सं विकता येत नाई, देता येत नाई, असा नेम हाये म्हनते."

सुमनबाई मागच्या दारात मशीन घेऊन बसल्या होत्या. मला बघून त्यांनी कापड बाजूला केलं. अनुसयाबाई आत झोपल्या होत्या. आता त्यांना उठवून बसवावं लागतं. प्रणाली शेगावला कॉलेजात जाते.

"पोच हाये अजून माह्यापाशी," सुमनबाई म्हणाल्या. "आई म्हनते, जाळून टाक. म्या म्हनलं, राहू दे. कोनी इचारलं का आमी कुठी होतो, तर दाखवाले तरी होईन."

"त्या रकान्यात तेव्हा नाव दिलं असतं तर, असं वाटतं का?"

त्यांनी सुईत दोरा ओवला. "तुमाले वाटते का?" त्या म्हणाल्या. मग उठल्या. "चाय घ्या. उन्हाचे आले तुमी."

खोलीत गॅसची एक शेगडी होती, सिलिंडर रिकामा होता. कोपऱ्यात मातीची चूल होती. तिच्यामागचा पत्रा कमरेइतक्या उंचीपर्यंत काळा झाला होता. चहा त्या चुलीवर झाला.

परत निघताना ग्रामपंचायतीत गेलो. नवी घरयादी भिंतीवर लावलेली होती. छापील तक्ता, हाताने भरलेला, एकही रकाना रिकामा नाही. घर क्रमांक एकवीस. चूल एक: प्रल्हाद गवई, सदस्य आठ. चूल दोन: निरंक.